आत कोण आहे?

माझ्या घरातून कुणी उपाशी परत गेलं, असं बुधवार पेठेच्या ज्ञात इतिहासात घडलेलं नाही. पुणेरी पाहुणचारावर उरलेला महाराष्ट्र जे विनोद करतो, त्यांना मी वाढपानं उत्तर देते. 'पुरे, पुरे' म्हणत पाहुण्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले की माझा आग्रह खरा सुरू होतो. त्यामुळे कोल्हापूरची माझी कॉलेजातली मैत्रीण मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला येणार आणि आमच्याकडे उतरणार म्हटल्यावर पुरणपोळी, अळूचं फदफदं आणि सुरळीच्या वड्या मी एका बैठकीत मुक्रर करून टाकल्या.

तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, हे मला ठाऊक होतं. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, व्रण पडतात, रक्त जातं. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्यावर उलटते. काही महिने सगळं शांत असतं आणि मग 'फ्लेअर' येतो. दिवसातून कितीदा जावं लागेल याला धरबंद उरत नाही. लागली म्हणजे लागली, तिथे 'जरा थांब' चालत नाही. हे सगळं नीट माहीत असल्यामुळेच मी मिसळीबरोबर तर्री वेगळी द्यायचं ठरवलं होतं.

बाईसाहेब आल्या त्या आदल्या रात्रीपासून न जेवता. "प्रवासाआधी मी काही खात नाही बघ. रिकाम्या गाडीला अपघात नाही." पुणे-कोल्हापूर रस्त्यावरचे ढाबे लोकांना पाठ असतात, हिला पेट्रोल पंप पाठ आहेत, आणि त्यांतल्या कुठल्या पंपावर आतून कडी लागते, तेही. मी नवं देवघर दाखवत होते. ती म्हणाली, "छान आहे. घरात संडास किती?"

"एक."

"माणसं?"

"पाच."

तिनं मान हलवली आणि सोफ्याची दाराजवळची बाजू धरली.

दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला बातमी लागली. वाड्याचं अपार्टमेंट झालं तरी भिंती वाड्याच्याच राहिल्या आहेत. आपल्याकडे बद्धकोष्ठाला एक प्रतिष्ठा आहे. 'आमच्या ह्यांचं पोट साफ होत नाही' हे बायका भर मंगळागौरीत सांगू शकतात. उलट्या बाजूच्या तक्रारीला मात्र ते भाग्य नाही. ती कुजबुजूनच बोलायची. तर कुजबुजत एकीनं कुटजारिष्ट आणलं, एकीनं बेलाचा मुरांबा. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "हे सगळं मनावर असतं."

"मनावर असतं, तर कोलोनोस्कोपी डोक्यात केली असती की हो," ही म्हणाली. काका वर गेले.

तिला धीर द्यावा म्हणून मी माझं ज्ञान काढलं. जपानच्या शिंझो आबेंना हाच आजार होता. 2007 आणि 2020, दोन्ही वेळा पंतप्रधानपद सोडताना त्यांनी तब्येतीचं कारण दिलं. ती शांतपणे म्हणाली, "त्यांना राजीनामा तरी देता आला. मी कुणाकडे देऊ?"

जेवणात हरल्यावर मी इतिहासाकडे वळले. पेठ दाखवावी तर मीच. दगडूशेठ गणपतीच्या रांगेत ती उभी राहीना; मग रस्त्यावरूनच दर्शन घेतलं. तो बाप्पा रस्त्यावरूनही दिसतो, ही त्याची कृपा. तिथून जवळच भिडे वाड्याची जागा. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे काढली, वाडा 2023 च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला, वगैरे माझं सुरू होतं. ही निवृत्त शिक्षिका. म्हणाली, "त्या पोरी मधल्या सुट्टीत कुठं जात असतील गं?" माझ्या व्याख्यानात हा मुद्दा नव्हता.

म्हणून मी माझ्या हुकमी विषयावर आले: कात्रजचा नळ. इथे मला कुणी थांबवू शकत नाही, घरचे तर खोली सोडून जातात. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधला आणि तिथून चुन्या-विटांच्या भुयारी नळानं पाणी थेट शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार! माणूस आत शिरून गाळ काढू शकेल एवढा तो नळ मोठा. हवा खेळावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी उभे केलेले उच्छ्वास. पाणी पेठापेठांतल्या हौदांत पडायचं, शनिवारवाड्यात कारंजी उडायची. हौद आटले, पण फडके हौद, काळा हौद ही नावं लोकांच्या तोंडी टिकली. मी उताराचं गणित समजावत होते, हातवारे करत होते, एक रिक्षावालासुद्धा थांबून ऐकत होता (नंतर कळलं, त्याला वळायचं होतं).

"बरं," ती म्हणाली, "आत आलं ते समजलं. बाहेर कसं जायचं?"

इतकी वर्षं मी हा नळ लोकांना ऐकवते आहे, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोड. एरवी मी या भागाची जाहिरात फुकट करते. बाईला लागणारं सगळं तुळशीबागेत मिळतं, टिकलीपासून रुखवतापर्यंत. त्या दिवशी तिच्या चालीनं चालले आणि अंगाचा तिळपापड झाला. सणासुदीला मुंगीला वाट मिळू नये इतक्या बायका जिथे येतात, जिथला गल्ला बायकांच्या पर्सवर चालतो, तिथे बाईनं जायचं कुठे? मोडीत निघालेल्या बसमध्ये 'ती' नावाची बायकांची स्वच्छतागृहं पुण्यात निघाली, त्याचं कौतुक मी चार ठिकाणी सांगितलंय. पण तुळशीबागेच्या बोळात बस शिरणार कशी? बायका तहान मारतात, सकाळचा चहा सोडतात आणि दुपारभर हसतमुखानं काठ-पदर बघतात. आजार हिला एकटीला आहे. कळ दाबण्याची सवय आम्हा सगळ्यांना आहे.

साड्यांच्या दुकानात पैठण्या उलगडून झाल्या आणि तिचा चेहरा पांढरा पडला. काउंटरवरचा म्हणाला, "स्टाफसाठी आहे फक्त." मग मी पेठेत जन्मभर कमावलेला आवाज काढला. समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. किल्ली मिळाली. ती धावत गेली. तिची पर्स माझ्या मांडीवर उघडी राहिली होती. आत घडी करून ठेवलेला परकर, सलवार, ओल्या रुमालांचं पाकीट. बाळाची बॅग भरतात तशी तिनं स्वतःची भरली होती. मी दर दिवाळीला 'ये की गं' म्हणायची आणि ती दरवेळी काहीतरी निमित्त सांगायची. मी मनातल्या मनात तिला शिष्ट ठरवून मोकळी झाले होते.

ती परत आली. "हं, जांभळी ठरली का?"

रात्री सासूबाई बोलल्या. वाड्यात नऊ बिऱ्हाडं, मागच्या अंगणात दोन संडास, टोपलीचे. पहिल्या बाळंतपणात त्यांना आव झाली होती. रात्री कंदील घेऊन थोरल्या जाऊबाई दाराबाहेर उभ्या राहत, आणि तरी कुणीतरी खाकरायचंच. पहाटे मागच्या बोळातून बाया येत, टोपल्या डोक्यावरून नेत. हे काम करवून घेण्यावर बंदी आणणारा कायदा झाला 1993 साली. सासूबाईंना नऊही बिऱ्हाडांतल्या माणसांची नावं आठवली, एका मांजराचंसुद्धा. त्या बायांपैकी एकीचंही आठवेना. त्या बराच वेळ आठवत बसल्या.

मग उठून त्यांनी फर्मान काढलं. सगळ्यांनी पहाटे पाचच्या आत उरकायचं. मोबाइल घेऊन आत बसणाऱ्या नातवानं वर काकांकडे जायचं. दारावर थाप मारून 'आत कोण आहे?' असं कुणीही विचारायचं नाही. आणि त्यांनी मऊ भात टाकला, वर तूप-मीठ. माझी मैत्रीण दोनदा मागून जेवली. शेजारच्या डब्यात माझ्या पुरणपोळ्या होत्या.

आता तिचा फोन दर रविवारी येतो. येतो माझ्याच मोबाइलवर. "बरी आहेस ना? काकूंना दे." मग दोघी अर्धा तास मोकळ्या गळ्यानं जे बोलतात ते मला इथे लिहिता येणार नाही. दिवाळीनंतर ती पुन्हा येणार आहे, तेही मला सासूबाईंकडून कळलं. पुरणपोळीबद्दल अजून एक अक्षर नाही.