मालिकावाचकाचं गतवैभव

पन्नाशी ओलांडलेल्या मराठी वाचकाला पूर्वी काय वाचलंत, असं विचारून पाहा. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ ही नेमाड्यांची अख्खी चांगदेव मालिका तो एका दमात म्हणून दाखवतो. क्रम चुकत नाही. पाढे असेच पाठ होतात. चांगदेवाचं पुढे काय झालं, एवढं मात्र विचारू नये.

बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून जास्त रहस्यकथा निघाल्या, पण त्या वाचणारा आज औषधालाही सापडत नाही. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांची पानं वाचनालयातल्या झुरळांनीच उलटली असावीत. किशोरकथांतल्या फास्टर फेणेला तेवढी सूट आहे, कारण बालपणावर कोणी आक्षेप घेत नाही.

२०१० साली नेमाड्यांची ‘हिंदू’ ही कादंबरी आली, तीही मालिकेतला पहिला भाग म्हणून. मग काय, पुढचा भाग कधी, अशी विचारणा सुरू झाली. सगळ्यांत तळमळीने विचारणाऱ्या गृहस्थांची खूण पृष्ठ ४० वर होती. ती लग्नपत्रिकेची होती. त्या जोडप्याचा मुलगा आता दहावीला आहे.