खरखर गेली, तंबोराही गेला

“कळलं का तुम्हाला, कोपऱ्यावरच्या घरातल्या त्या सॉफ्टवेअरवाल्यानं काय आणलंय ते?”

अण्णांनी मधल्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवली की समजायचं, हातातला चहा आता गार होणार. पुण्याच्या मांजरी बुद्रुकला आमच्या ओळीत घराघरांमध्ये कमरेएवढीच भिंत आहे. मागे उरलासुरला ऊस, त्यापलीकडे दौंडकडे जाणारी रेल्वे. ह्या भिंतीवरून आम्ही लग्नं जमवलीत, भाडेकरूंच्या उचापती चघळल्यात आणि शेपूची जुडी तर रोजच इकडची तिकडे होते.

“काय आणलं? दुसरी गाडी?”

“गाडी कसली! तबकडी. एक. साडेतीन हजारांची.”

आतून माईंचा आवाज आला, “आणि आपल्या माळ्यावरची दोन खोकी काढू या म्हटलं की ह्यांच्या पोटात गोळा!”

झालं होतं असं. एका थोर गायिकेच्या ख्यालाची जुनी एलपी कुणीतरी नव्यानं छापलीय. वर ‘रिमास्टर्ड’ असा सोनेरी स्टिकर. तीच एलपी अण्णांकडे पहिल्या छपाईची. गायिकेचं नाव आणि कंपनीचं नाव मी घेत नाही, उगाच कशाला कुणाच्या पोटावर पाय. तर पोरानं अण्णांना आव्हान दिलं, “काका, तुमची घेऊन या, शेजारी शेजारी लावू.” पंच म्हणून मला बोलावलं, कारण लग्नाआधी मी गाणं शिकत होते हे अण्णांनी गल्लीभर सांगून ठेवलंय. माई आल्या त्या बघायला, की त्या घरात पडदे कुठले लावलेत.

पहिल्यांदा नवी लावली. खरं सांगू? अरे वा, असंच वाटलं. खरखर नाही, चटचट नाही. डग्गा थेट छातीवर येतो. बाई हातभर अंतरावर बसून गातायत. मग अण्णांची जुनी लावली. आवाज बारीक, मागे सतत खरखर, मध्येच एक टक् टक्.

“पोरगा जिंकला,” माई म्हणाल्या. “आता पोहे खाऊ या.”

अण्णा मात्र खुर्ची सोडून उठले. “थांब रे. तुझी तबकडी मोठ्यानं बोलते म्हणून बरी वाटते. आधी दोघींना एका पातळीवर आण.” हे मला पटलं. दोन रेकॉर्डी ताडून बघताना जी जरा मोठी वाजते तिच्याकडे कान झुकतोच, आणि दुकानदाराला हे आपल्या आधी माहीत असतं. नव्या तबकडीच्या वेळी बटण मागे आणलं, दोन्ही सारख्या झाल्या, आणि पुन्हा तीच आलापी ऐकली.

आता मजा बघा. जुनीत खरखरीच्या मागे तंबोरा होता. चारी तारा सुट्या, जवारी उघडलेली, खर्जाची तार छेडली की तिच्यातून वर गंधार निघतो तोसुद्धा ऐकू येत होता. नवीत तंबोऱ्याच्या जागी कुठेतरी लांब पंखा फिरत असल्यासारखं काहीतरी. दुसरं म्हणजे बाई मंद्रात उतरल्या की जुनीत आवाज खरंच खाली जायचा, आपण पुढे वाकून ऐकायचो. नवीत मंद्रही तेवढाच आणि तारसप्तकही तेवढंच.

मी म्हटलं, “खरखर गेली, तंबोराही गेला.”

ह्यात चमत्कार काही नाही. टेपची सूं आणि तबकडीची खरखर बरीचशी वरच्या पट्टीतल्या कंपनांत असते, आणि तंबोऱ्याची जवारी, सारंगीच्या गजाची धार, श्वासाचा फुत्कार हे सगळं त्याच मोहल्ल्यात राहतं. सफाईचं यंत्र जोरात फिरवलं की चोराबरोबर संन्यासीही जातो. हात राखून सफाई करणारे तंत्रज्ञ आहेत, पण ऐकणाऱ्यालाच काचेसारखा आवाज हवा असतो त्याला ते काय करणार!

मंद्र आणि तार एका उंचीवर आणण्याची खोड मात्र पॉप गाण्यांकडून आली. रेडिओवर, गाडीत आपलं गाणं शेजाऱ्याच्या गाण्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून हळू भाग वर ओढायचा आणि मोठा भाग दाबायचा. 2008 मध्ये मेटॅलिका ह्या अमेरिकन बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बम आला तेव्हा चाहत्यांनीच बोंब मारली. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली होती, आणि पोरांना सीडीपेक्षा गेममधलं गाणं बरं वाटलं! नवा मिक्स करा म्हणून त्यांनी अर्ज केला, सह्या गोळा केल्या. ठणाणा करणाऱ्या बँडबद्दल ठणाणा फार होतो अशी तक्रार. माईंना हे सांगितलं तर त्या पोटभर हसल्या.

पोरगाही काही ऐकून घेणारा नव्हता. “पण काका, ही थेट मूळ टेपवरून काढलीय.”

“असं कोण म्हणतं? स्टिकर?”

मग अण्णांनी अमेरिकेतली ती भानगड काढली. मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी, शौकिनांचं दैवतच म्हणा. मूळ मास्टर टेपवरून काढलेल्या तबकड्या म्हणून चढ्या दरानं विकायची. मध्ये संगणक नाही, निव्वळ टेप आणि सुई, असंच गिऱ्हाईक धरून चालायचं. 2022 च्या जुलैत फिनिक्समधल्या एका रेकॉर्डच्या दुकानदारानं व्हिडिओ टाकून बिंग फोडलं. 2011 पासून त्यांच्या कित्येक तबकड्या आधी डिजिटल फायलीत जाऊन मगच कापल्या जात होत्या. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. ह्यातली गंमत अशी की तोवर तेच शौकीन त्या तबकड्या ऐकून “हाच तो टेपचा गोडवा” म्हणून डोळे मिटत होते. म्हणजे डिजिटल आलं की आवाज बिघडतोच, हेही खरं नव्हे. बिघडवणारा माणूस वेगळा.

अण्णांची रेकॉर्ड वाचायची एक पद्धत आहे. आधी नंबर. एचएमव्हीच्या जुन्या शास्त्रीय एलपींवर ‘ईएएलपी’ असेल तर मोनो, ‘ईएएसडी’ असेल तर स्टिरिओ. मग तबकडी उजेडात तिरपी धरून गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जो कोरा पट्टा उरतो, त्यात बारीक कोरलेले आकडे बघायचे. कुठल्या साच्यातून निघाली ते तिथे कळतं. कव्हर बदलता येतं, हे आकडे नाही. पोरानं लगेच मोबाइलचा टॉर्च लावून स्वतःची तबकडी तपासली, हे मला आवडलं.

आणि म्हणून जुनं ते सोनं म्हणत नाचायचं का? मुळीच नको. सत्तरच्या दशकात आपल्याकडे घरोघरी एचएमव्हीचा ‘फिएस्टा’ रेकॉर्ड प्लेअर असायचा. त्याचा सुईचा हात जड. एकच सुई वर्षानुवर्षं, घासून बोथट झाली तरी कुणी बदलायचं नाही, उलट आवाज अडकला की हातावर चार आण्याचं नाणं ठेवायचे! अशा तबकडीची खाच नांगरून निघालेली असते. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अशा ढिगानं मिळतात. वरून चकचकीत, आणि लावली की बाई घसा बसल्यासारख्या. त्यापेक्षा सोनेरी स्टिकरवाली परवडली.

एलपीची एक खोट तर जन्मजात आहे, आणि ख्यालाला ती नेमकी नडते. तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलाजवळ जेमतेम 20. तेवढ्याच वेळाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबायचं म्हटल्यावर बारीक कामगत तिथे फुटते. आता ख्यालात काय असतं? बाहेरच्या ऐसपैस जागेत संथ आलाप, आणि सगळ्या तयारीच्या तिहेरी ताना शेवटी, लेबलाच्या तोंडाशी. पॉपवाले तिथे एखादं हळुवार गाणं टाकून मोकळे होतात, आपल्या गवयाला ती सोय नाही. नव्या छपाईत एका बाजूचं गाणं दोन बाजूंवर पसरलेलं असेल तर त्या ताना खरंच सुधारतात. तिथे मी नव्याला मत देईन.

“पण ओरिजिनल ती ओरिजिनल,” अण्णा अडून बसले.

मी विचारलं, “अण्णा, गीतरामायणाची ओरिजिनल कुठली?”

“कुठली म्हणजे? बाबूजींचा, सुधीर फडक्यांचा, दहा एलपींचा संच! माझ्याकडे आहे.”

“चूक. ओरिजिनल पुणे आकाशवाणीवरची. 1 एप्रिल 1955 ला सुरू झालं, वर्षभर छप्पन्न गाणी. सीतेचं, कौसल्येचं, निषादाचं, प्रत्येकाचं गाणं वेगळ्या गळ्यात. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे, बबनराव नावडीकर. तुमच्या संचात सगळी पात्रं एकटे बाबूजी. चाली त्यांच्याच, शब्द गदिमांचे, पण ती दुसरी आवृत्ती, अण्णा.”

अण्णा गप्प. माई म्हणाल्या, “आमच्या आई रेडिओला हार घालायच्या.” त्या पिढीला रेडिओवरचीच ओरिजिनल. आणि आमच्या पिढीला विचाराल तर बाबूजींच्या एकट्याच्या आवाजाशिवाय गीतरामायण डोळ्यांपुढे येतच नाही. नंतरची आवृत्ती मूळच्या जागी जाऊन बसते ती अशी.

लाखेच्या जुन्या तबकड्यांचं तर विचारूच नका. 78 फेऱ्यांच्या म्हणतात खऱ्या, पण सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाचं यंत्र नेमक्या त्या वेगानं फिरत असे असं नाही. 74 वर भरलेलं गाणं 78 वर वाजवलं तर काळी एकमध्ये गाणारी बाई जवळजवळ पांढरी दोनात जाते, लय चढते, वय दहा वर्षांनी कमी होतं. पुढे सीडी काढणाऱ्यानं ते न तपासता तसंच उतरवलं की तोच सूर पिढ्यान्‌पिढ्या “त्यांचा सूर” म्हणून सांगितला जातो. 1902 मध्ये गायिका गौहर जानच्या तबकड्या भरल्या तेव्हा छपाई जर्मनीत, हॅनोव्हरला व्हायची. तिथल्या लोकांना गाणारी कोण ते कळावं म्हणून बाई गाणं संपताना इंग्रजीत स्वतःचं नाव सांगून टाकत. मी ऐकलेल्या एका सीडीत ते नावच साफ केलंय, खरखरीबरोबर. ह्याला काय म्हणावं!

ह्या लाखेच्या तबकड्यांसाठी खरं काम केलंय ते संग्राहकांनी. मुंबईत सुरेश चांदवणकर आणि मंडळींनी 1990 मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू केली. सूर, लेबल, नंबर, तारीख, सगळं ताडून बघणारी माणसं. कंपन्यांनी ह्यांना विचारून रिमास्टर काढले असते तर निम्मे घोटाळे टळले असते. कंपन्यांचं काय, कॅसेटच्या दिवसांत सिनेमाच्या जुन्या गाण्यांवर ‘झंकार बीट्स’ म्हणून वरून ठेका बडवून ती विकली होती, आणि रिक्षावाल्यांनी ती झिजेपर्यंत वाजवली. त्यापुढे आजचा रिमास्टर सोज्वळच म्हणायचा.

तर पंच म्हणून माझा निकाल असा. ख्याल, नाट्यगीत, जिथे तंबोरा आणि हार्मोनियम मागे उभे असतात, तिथे न झिजलेली पहिली छपाई मिळाली तर तीच घ्या, हलक्या हाताच्या टर्नटेबलवर आणि ताज्या सुईनं वाजवा. फिएस्टावर झिजलेली असेल तर फुकटही नको. सिनेमाची गाणी नवी घेतलीत तरी बिघडत नाही, मात्र टेप कुठली आणि कापली कुणी हे कव्हरवर छापलेलं नसेल तर साडेतीन हजार देऊ नका. आणि लाखेच्या तबकड्या संग्राहकानं नीट वेग धरून उतरवलेल्याच ऐका.

पोरानं निकाल मान्य केला, पण तबकडी परत करणार नाही म्हणाला, कव्हर फार सुंदर आहे म्हणे. माईंना पडदे आवडले नाहीत.

तुमच्याही माळ्यावर खोकं असेलच. एकावर एक रचलेल्या असतील तर आधी पुस्तकांसारख्या उभ्या करा, नाहीतर वाकतात. आणि पुसायला घेतलंत तर लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते.