वॉटचा जोर

अर्थिंगचा रॉड ठोकायला मशीन हवंय म्हटलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न, "किती वॉटचं दाखवू?" वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं, घाव किती बसतो हे ज्यूलमध्ये मोजतात. तो आकडा खोक्यावर बारीक अक्षरांत, तोही असलाच तर. मग गिऱ्हाइकाच्या गळ्यात भिंतीला भोकं पाडायचा साधा हॅमर ड्रिल पडतो. त्याच्यातल्या दातेरी चकत्या एकमेकींवरून खडखडत जातात. आवाज मोठा, घाव नावापुरता. रॉडला हवा एसडीएस-मॅक्सचा दणकट हॅमर, फिरणं बंद ठेवून नुसता ठोकणारा, आणि रॉडच्या डोक्यावर नीट बसणारी टोपी. टोपीला कोण पैसे देणार!

बरं, हे सगळं जमलं तरी खाली दख्खनचा काळा पाषाण बसलाय. हातभर माती, मग मुरूम, मग टणत्कार. अशा ठिकाणी रॉड तिरका घालता येतो, किंवा चर खणून आडवी पट्टी पुरता येते. पण खणायचं कोणी? कंत्राटदार शांतपणे ग्राइंडर काढतो, वर उरलेला तुकडा उडवतो, क्लॅम्प आवळतो, भोवती सिमेंट थापतो. अर्थ टेस्टर लावून रोध मोजा म्हटलं, तर फेज आणि अर्थमध्ये बल्ब पेटवून दाखवतो: "बघा, कसला लख्ख!"

बिलात मात्र रॉड पुऱ्या अडीच मीटरचा. हॅमरचं भाडं वेगळं.