बाईंचं माहेर

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला त्याच्या पूर्वजांबद्दल विचारावं, तर तो मधल्या पिढ्यांत कुठेही न थांबता थेट पानिपतावर जाऊन पोचतो. ‘आमचे मूळपुरुष महादजींबरोबर उत्तरेत आले’ हे वाक्य इथे इतक्या घरांत ऐकू येतं, की तेवढी सगळी माणसं १४ जानेवारी १७६१ रोजी खरोखर रणात उभी असती तर अब्दाली आल्या पावली परत गेला असता. बरं, आलेला प्रत्येक जण घोडेस्वार, नाहीतर निदान फडावरचा कारकून. पानिपतावर मराठ्यांच्या सैन्याबरोबर बाजारबुणग्यांची केवढी गर्दी होती हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण त्यांच्यातल्या एकाचाही वंश ग्वाल्हेरात वाढलेला दिसत नाही. खुद्द महादजी पायाला जबर जखम होऊन पडले, तेव्हा त्यांना तिथून वाचवून आणलं ते राणेखान नावाच्या भिस्त्याने. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानलं. म्हणजे शिंदेशाहीचा पुढचा सगळा थाट एका पाणक्याच्या उपकारावर उभा आहे. तरी ‘आमचे खापरपणजोबा पखाल वाहायचे’ असं अभिमानाने सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

आम्ही राहतो बिर्लानगरात, आणि इथे पानिपताची मात्रा फारशी चालत नाही. लष्कर भागाची गोष्ट वेगळी. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास तिथे तळ ठोकला, राहुट्यांच्या जागी वाडे झाले, आणि तिथल्या लोकांना मोठं बोलायला निदान वाड्याची चौकट तरी मिळाली. बिर्लानगर हे गिरणीचं गाव. घनश्यामदास बिर्लांनी १९२१ साली इथे जियाजीराव कॉटन मिल काढली. तिला सगळे ‘जेसी मिल’ म्हणत. १९४७ साली ग्वालियर रेयॉन आली, जिचं लांबलचक नाव आखडून पुढे ‘ग्रासिम’ झालं. कामगारांसाठी लायनी बांधल्या. जेसी मिल नव्वदच्या दशकात बंद पडली, भोंगा थांबला, पण पत्ता सांगताना आजही ‘लाइन नंबर अमुक’ असंच सांगतात. अशा वस्तीत घराण्याचा उगम शोधायचा तर तो हजेरीपटावर सापडायचा. आमचे आजोबा मिलच्या हिशेबखात्यात लागले म्हणून आम्ही इथले. ते कोणाबरोबर आले? एका वळकटीबरोबर.

हे काकांना मंजूर नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कुळवृत्तांत लिहायला घेतला. ड्रॉइंगचे कागद एकाला एक चिकटवून जाजमाएवढा तक्ता केला. सर्वांत वर ‘मूळपुरुष’ असं लिहून एक चौकोन, सर्वांत खाली आम्ही चुलत-आते भावंडं, आणि मध्ये पाचसहा पिढ्यांचा पांढराशुभ्र कागद. तो तक्ता दिवाणखान्यात पसरला की घरातल्या सगळ्यांना भिंतीच्या कडेकडेने चालावं लागे.

काकांची जिद्द मात्र मानली पाहिजे. मोडी येत नाही म्हणून या वयात मोडी शिकले. हात न उचलता लिहायची ती लिपी शाळांतून गेली १९५०च्या आसपास, त्यामुळे आपल्याच पणजोबांचं पत्र आपल्याला वाचता येत नाही अशी आपली सगळ्यांची गत. काकांना वाचता येऊ लागलं. घरच्या जुन्या पेटीतला पहिला अस्सल कागद त्यांनी मोठ्या आशेने उलगडला, तर तो निघाला तुपाच्या उधारीचा. काकांनी तो बाजूला टाकला. आत्याने विचारलं, “किती तूप?” काकांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने पानिपतावर भाऊसाहेबांनी मल्हाररावांकडे पाहिलं असावं.

मग हरिद्वार झालं. तिथल्या पंड्यांच्या वह्या म्हणजे खरोखर नवलच. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, कोणाच्या अस्थी आणल्या, सगळं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया, सगळीकडे तीर्थोपाध्यायांकडे अशा वह्या असतात. पण वही काही आपलं आडनाव ऐकून आपोआप उघडत नाही. पहिला प्रश्न येतो, ‘मूळ गाव कोणतं?’ काका तर तेच विचारायला गेले होते. पंड्याने दोन्ही हात जोडून दुसऱ्या यजमानाकडे मोहरा वळवला.

त्यात आपली नावं ठेवायची तऱ्हा. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव. म्हणजे वि. ग., मग ग. वि., मग पुन्हा वि. ग. जुन्या कागदावर ‘वि. ग.’ दिसले तर ते नेमके कोणते, आजोबा की त्यांचे आजोबा, हे त्यांनाही खात्रीने सांगता आलं नसतं. शिवाय हिशेब असा, की दहा पिढ्या मागे गेलं तर त्या एका पिढीत आपले पूर्वज भरतात १०२४. काका शोधत होते त्यांतला एक. उरलेल्या १०२३ जणांनी काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

असं सगळं अडलेलं असताना गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५च्या, मध्य प्रदेशात मतदारयाद्यांची विशेष फेरतपासणी सुरू झाली आणि अख्खं बिर्लानगर एका रात्रीत संशोधक बनलं. २००३ सालच्या यादीत आपलं नाव दाखवा, नसेल तर आईवडिलांचं दाखवा, असा मामला. ज्यांनी जन्मात कधी वडिलांची जन्मतारीख विचारली नव्हती, ते चहाच्या टपरीवर मोबाइल धरून भाग क्रमांक शोधताना दिसू लागले. ‘२००३ साली आपण कोणत्या लायनीत राहत होतो?’ यावर घराघरांत साक्षीपुरावे झडले. मराठी मंडळींना आणखी एक खटाटोप, कारण हिंदी यादीत ‘ळ’ शोधून उपयोग नाही. काळे हवे असतील तर काले पाहायचे. पण सापडलं! बहुतेकांना सापडलं. ज्या कामात काका इतके दिवस धडपडत होते ते लायनीतल्या पानवाल्याने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत उरकलं. त्याला पानिपत नको होतं, एका सालच्या एका यादीतलं एक नाव हवं होतं.

खरी धांदल उडाली ती सुनांची. २००३ नंतर लग्न होऊन आलेल्या मुलींची नावं त्या वेळी इथे असणारच कुठून? त्यांना आईवडिलांची नोंद आणायची होती, म्हणजे माहेरची. आमची वहिनी विदर्भातली. तिचे कधी बैतूलला, कधी नागपूरला असे फोन चालले होते. आत्या खाटेवर बसून शेंगा सोलत हे ऐकत होती. वहिनीचा फोन संपल्यावर ती म्हणाली, “हिला निदान विचारायला माणूस आहे. आमच्या बाईंचं माहेर कुठलं होतं रे?”

बाई म्हणजे आत्याची आजी, माझी पणजी. घरात लहानथोर सगळे तिला बाईच म्हणत. आत्या तिच्या कुशीत झोपलेली, तिच्या हातचं धिरडं खाल्लेली. तिची सोवळ्याची काठी कोणत्या कोपऱ्यात असे तेही आत्याला आठवतं. पण बाई कुठून आली, तिचं माहेरचं नाव काय, हे कोणी कधी विचारलं नाही. काकांच्या तक्त्यावर पणजोबांच्या चौकोनाशेजारी एक ‘सौ.’ होती आणि तिच्यापुढे पूर्णविराम.

“त्याने काय साधणार?” काका म्हणाले. “वंश तर पुरुषाकडून चालतो.”

“तुझा तक्ता चाललाय का?” आत्या म्हणाली.

मला तर या प्रश्नाची जातच आवडली. त्याला उत्तर असू शकतं, आणि ते कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. ग्वाल्हेरात राहून हे खरं तर कोणी शिकवायची गरज नाही. आमच्याकडच्या गवयांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ग्वाल्हेर घराण्याची परंपरा कोणालाही विचारा, तो न अडखळता सांगेल: हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांचे विष्णु दिगंबर पलुस्कर. दीडशे वर्षांची साखळी, एक कडी निसटलेली नाही. कारण विचारायचं ते एकच, कोण कोणाकडे शिकला. गवयाची जमीन कुठे होती, त्याचा खापरपणजोबा कोणाबरोबर आला, या भानगडीत कोणी पडलं नाही, म्हणून परंपरा शाबूत राहिली. डिसेंबरात हजिऱ्याला तानसेन समारोह भरतो तेव्हा एखाद्या रसिकाच्या शेजारी बसून बघा, तो राग सुरू व्हायच्या आधी गुरू विचारतो.

तर बाईंचं माहेर. आत्याने शोधाची सुरुवात पेटीतून न करता अंगणातून केली. आमच्याकडे एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे. बंबाचे दिवस संपल्यावर ते अंगणात आलं आणि वहिनीने त्यात मनीप्लँट लावला. आत्याच्या आठवणीप्रमाणे ते ‘बाईंच्या लग्नातलं’. मनीप्लँट बादलीत गेला. माती काढली, पितांबरी चोळली, आणि काठाच्या खाली, कडीच्या डाव्या अंगाला, ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं असल्याचं बोटाला कळलं. डोळ्यांना मात्र काही दिसेना. राखेने आणि नारळाच्या शेंडीने तीन पिढ्यांनी ते इतकं इमानेइतबारे घासलं होतं की अर्धा मजकूर धुवून गेलेला. शेवटी आत्याने स्वयंपाकघरातून तांदळाची पिठी आणली, तिची चिमूट त्या पट्ट्यावर चोळली आणि वरचेवर फुंकर मारली. खड्ड्यांत पिठी अडकून ठिपके पांढरे उमटले.

‘चि. सौ. कां.’ स्पष्ट होतं. त्यापुढे नाव असणार, ते नेमकं गेलेलं. एक काना तेवढा शिल्लक. मग ‘मामाकडून’. मग ‘सागर’. आणि ओळीच्या शेवटी ‘शके १८२९’.

लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची आपली रीत मी आजवर थोडी हसण्यावारी नेत आलो. आपण किती दिलं ते चारचौघांना कळावं म्हणून ठोकलेली अक्षरं, असं वाटायचं. असेलही. पण त्या मामाच्या मानापमानापायी आमच्या हाती एक गाव आणि एक साल लागलं. शक्यात ७८ मिळवायचे: १९०७. बीना-कटनी रेल्वे तोवर सुरू झाली होती आणि सागर त्याच मार्गावर आहे, तेव्हा मामा लग्नाला गाडीनेच गेला असावा. घंगाळासकट.

सागर ऐकताच काकांच्या डोळ्यांत चमक आली. सागर म्हणजे गोविंदपंत बुंदेले! पेशव्यांचे बुंदेलखंडातले मामलेदार, त्यांनी सागरला ठाणं केलं, डिसेंबर १७६०मध्ये अब्दालीच्या फौजेने त्यांना गाठून मारलं. त्यांच्याबरोबर आलेली कितीतरी मराठी घरं सागर, जालौन, गुरसराय भागात कायमची राहिली. “म्हणजे बाईंचे पूर्वज…” काका उठून उभेच राहिले.

“मामा सागरचा,” आत्या म्हणाली. “बाप कुठला ते अजून कळायचंय.”

मुद्दा बिनतोड होता. मामाचं गाव ते आजोळ. माहेर त्याच गावात असेल किंवा नसेलही. पण विचारायला आता दार मिळालं होतं. सागरच्या एका जुन्या मराठी घराशी आत्याच्या जावेचं नातं निघालं, फोन लागला. पलीकडच्या बाईंनी आधी आमचं गोत्र विचारलं, मग कुलदैवत, मग ग्वाल्हेरला थंडी किती आहे, आणि मग म्हणाल्या की त्यांच्याकडे जुन्या भांड्यांचं एक फडताळ आहे, एकदा येऊन बघा, पण संक्रांतीनंतर या, आता घरात रंगकाम चाललंय.

काकांनी तक्त्यात बाईंसाठी जागा शोधली, तर उजवीकडे कागदच शिल्लक नव्हता. त्यांनी नवा ताव आणून तो डाव्या बाजूला जोडला आणि त्यावर ‘सागर’ असं लिहून एकामागून एक कोरे चौकोन आखायला घेतले, गोविंदपंतांपर्यंत. आत्याने त्यांच्या हातातून पट्टी काढून घेतली. सागरला जाताना पिठीची पुडी आणि भिंग बरोबर घ्यायचं तिने मला बजावलं, आणि त्या तुपाच्या उधारीच्या कागदावर तूप कोणाकडून घेतलं होतं ते काकांना पुन्हा एकदा नीट वाचायला बसवलं.