कुणी काही बोललं नसेल तर

नम्रतेसाठी वेगळं विरामचिन्ह असावं, हे कवींना सुचलं नाही, प्रोग्रॅमरांना सुचलं. मेकफाइल नावाच्या फाइलीत '?=' असं एक चिन्ह भेटतं. या व्हेरिएबलला आधी कुणी किंमत दिली असेल तर तीच राहू द्या, नसेल दिली तर ही घ्या, एवढंच त्याचं म्हणणं. सोसायटीच्या वार्षिक सभेत इतका समंजस सभासद माझ्या तरी पाहण्यात नाही.

'मेक' हा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला. कोणती फाइल बदलली आणि म्हणून काय काय पुन्हा बांधायला हवं, हे ठरवणं त्याचं काम. तेव्हा साधं '=' पुरत होतं. पुढे एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या यंत्रावर जाऊ लागलं आणि आवडीनिवडी आल्या: कंपायलर कुठला, तयार फाइली ठेवायच्या कुठे. कमांड लाइनवर दिलेला हुकूम मेक '='ला बाजूला सारूनही पाळतो. पण एन्व्हायर्नमेंटमधून मुकाट्यानं आलेली किंमत मेकफाइलीतलं '=' खुशाल पुसून टाकतं. अशा मुकाट माणसांची कदर करायला '?=' आलं. पॉसिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकात त्याला जागा मिळाली ती मात्र २०२४ च्या आवृत्तीत, म्हणजे मेक ४८ वर्षांचा झाल्यावर. मानकांना घाई नसते.

इथवर सगळं गोड. पंचाईत होते ती 'आधी किंमत दिली असेल' या अटीपाशी. व्हेरिएबल घोषित केलंय, पण रिकामं ठेवलंय, तर ती किंमत दिली म्हणायची का? "रात्री जेवायला काय करू?" या प्रश्नावर एक जण पेपरमधून मान वर काढत नाही आणि दुसरा "काही नको" म्हणतो. दोघांच्याही ताटात सध्या काहीच नाही, पण दुसऱ्याला पिठलं वाढलंत तर तो रागावेल. मेकच्या 'ग्नू मेक' या अवताराचं '?=' हा फरक ओळखतं: रिकामं हेही उत्तरच, मी मध्ये पडणार नाही. त्याच ग्नू मेकमधली 'इफएनडेफ' ही अट मात्र रिकाम्या व्हेरिएबलला सरळ 'नाहीच' समजते. एकाच घरात दोन रीती. युनिक्सच्या शेलनं हा वाद एका कोलनवर मिटवला आहे. कोलन लावलात तर रिकाम्यालाही पर्यायी किंमत मिळते, नाही लावलात तर रिकामं ते रिकामंच राहतं. दोन ठिपक्यांत एवढा मुत्सद्दीपणा!

याहून गमतीचा प्रकार 'सीसी'चा. हे कंपायलरचं व्हेरिएबल. पुष्कळ मेकफाइलींत '?=' लावून त्यापुढे 'जीसीसी' लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला वाटतं, आपण अदबीनं जीसीसी सुचवला. पण ग्नू मेक ती ओळ वाचण्याआधीच त्या व्हेरिएबलमध्ये 'सीसी' याच नावाचा कंपायलर स्वतः भरून बसलेला असतो. '?=' पाहतं, जागा भरलेली आहे, आणि निमूट मागे सरतं. चूक दाखवणारा संदेशही येत नाही. बऱ्याच यंत्रांवर दोन्ही नावांमागे कंपायलर एकच असतो, म्हणून हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. फारच नम्र असल्याचा हा तोटा.

शिवाय हे चिन्ह आळशी आहे. ':=' उजवीकडचा मजकूर तिथल्या तिथे उलगडून मोकळं होतं; '?=' तो जसाच्या तसा ठेवतं आणि व्हेरिएबल वापराल तेव्हा, दर वेळी नव्यानं, उलगडतं. उजवीकडे एखादी वेळखाऊ शेल कमांड असली की ती पुन्हा पुन्हा चालते. मग नम्रही आणि तत्परही असं '?:=' का नसावं? हरकत नाही, पण ग्नू मेकमध्ये आधीच '::=' आहे, २०२२ च्या ४.४ आवृत्तीपासून ':::='सुद्धा आहे. उद्या त्या प्रत्येकाला प्रश्नचिन्ह हवं होईल, आणि मेकफाइल वाचायला चष्म्याचा नंबर वाढवून घ्यावा लागेल. मला विचाराल तर तीन ओळींची अट लिहिलेली बरी. निदान ती मोठ्यानं वाचता येते.

योक्तो प्रोजेक्टमधल्या बिटबेक या मेकच्या भाऊबंदाला हे पटलेलं दिसत नाही. त्यांच्याकडे '?=' आहेच, वर '??='ही आहे. ते व्हेरिएबलची किंमत मागितली जाईपर्यंत थांबतं आणि कुणीच काही बोललं नाही, तरच आपली किंमत पुढे करतं. एका प्रश्नचिन्हवाले अनेक जमले तर पहिल्याचं चालतं. दोनवाले जमले तर शेवटच्याचं. '???=' अजून आलेलं नाही.