उन्हाचं रिटर्न भाडं

(जालन्याचा नवा मोंढा. मे महिन्यातली दुपार. आडत दुकानातल्या कूलरपुढं मोसंबीवाला शेतकरी आणि भूगोलाचे निवृत्त गुरुजी. कूलर दोघांचा, झोत एकाचाच.)

शेतकरी : गुरुजी, जरा सरका. सगळी हवा तुमच्याच सदऱ्यात चालली.

गुरुजी : हवा कुठं जाते, हाच तर माझा विषय.

शेतकरी : मग सांगा, एवढं ऊन रोज पडतं, ते जातं कुठं?

गुरुजी : ध्रुवांकडं. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांनी साधारण ३८ अंशांपर्यंत पृथ्वीची उष्णतेची कमाई जास्त, खर्च कमी. त्यापुढं उलटं. आपलं जालना २० अंशांवर.

शेतकरी : म्हणजे आपण शिलकीतले? पहिल्यांदाच ऐकतोय.

गुरुजी : ती शिल्लक इथंच साठली तर भाजून निघू. म्हणून वारा आणि समुद्र ती पुढं रवाना करतात. जिथं वाहतूक सगळ्यात जास्त, तिथं ५ वर १५ शून्यं मांडा, तेवढे वॅट!

शेतकरी : अन् आमच्या मोटारीला लाईट रात्री दोनला! गाड्या कुणाच्या?

गुरुजी : विषुववृत्ताजवळ समुद्राचा वाटा मोठा. पुढं बहुतेक माल वाराच ओढतो.

आडत्या (वहीतून मान वर) : हमाली?

गुरुजी : फुकट.

आडत्या : मग त्या धंद्यात राम नाही. (मान खाली.)

शेतकरी : पण वाऱ्यात माल दिसत तर नाही.

गुरुजी : निम्मा तर वाफेत लपलेला. हा कूलर बघा. जाळीतलं पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून झोत गार. पाणी शून्यापासून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त त्याची वाफ करायला लागते. वर ढगात वाफेचं पुन्हा पाणी झालं, की माल उतरला.

शेतकरी : कळलं. आम्ही क्रेटच्या खालच्या थराला बारका माल लावतो, तसं.

आडत्या (मान वर न करता) : ऐकलं मी.

गुरुजी : अटलांटिक महासागर ऊब पार नॉर्वेपर्यंत पोचवतो. हिंदी महासागराची मात्र पंचाईत. वर आशिया आडवा पडलाय, म्हणून त्याला जादाची उष्णता दक्षिणेलाच धाडावी लागते.

शेतकरी : आमची मोसंबी जाते दिल्लीला. पण गुरुजी, गेलेली गाडी कुणी मोकळी आणत नसतं. येताना ही वाऱ्याची गाडी काय भरून आणते?

गुरुजी : (चष्मा पुसत) गारठा.

शेतकरी : थांबा. २०१४, फेब्रुवारी-मार्चची गारपीट?

गुरुजी : हो. वर उत्तरेकडची थंड हवा, खाली समुद्रावरची दमट. दोघी आपल्याच डोक्यावर भेटल्या.

शेतकरी : आंब्या बहार नुकता धरला होता. सकाळी झाडाखाली हिरव्या गोट्या अन् पांढऱ्या गोट्या, एकात एक मिसळलेल्या. पांढऱ्या दुपारपर्यंत विरघळल्या. (जरा वेळानं) शेठ, ह्या रिटर्न मालाची पावती कुणाच्या नावानं फाडायची?

आडत्या : उतरला कुणाच्या रानात?

शेतकरी : माझ्या.

आडत्या : मग हमाली तुमच्याकडं.