दरमहा तीन मिलिमीटर

बेल दीडदा वाजली की मावशी आली असं समजायचं. ती बेल बोटाच्या टोकाने दाबत नाही, बोट मुडपून पेराने दाबते, आणि पेर पहिल्या खेपेला बटणावर नीट बसत नाही. आत आली की चपला काढायच्या आधी दोन्ही हात माझ्यापुढे पालथे धरते. "बघ गं, आज कशी वाटतायत?"

ह्यावर 'बरी आहेत' हे उत्तर चालत नाही. चष्मा लावावा लागतो, बाल्कनीतल्या उजेडात जावं लागतं, आणि डाव्या अनामिकेबद्दल वेगळं काहीतरी बोलावं लागतं. तिचा जीव त्या एका नखात सगळ्यात जास्त अडकलेला आहे.

अशी एक बाई तुमच्याही नात्यात असेल. लग्नाकार्यात चार दिवस हौस करते आणि मग ती निस्तरण्यात अर्धं वर्ष घालवते. निस्तरताना पुन्हा पैसे जाऊ नयेत म्हणून एवढे कष्ट उपसते की बघणाऱ्याला वाटावं, ह्यापेक्षा पैसे गेलेले परवडले. कुणाचं हे केसांचं असतं, कुणाचं टाचांचं. आमच्या मावशीचं नखांचं.

मावशीने बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅशच्या खिडकीमागे. तेव्हा तिची नखं कायम मांसाला टेकलेली असायची. नोटा मोजणाऱ्या बाईने नखं वाढवायची नसतात, हा नियम बँकेचा नव्हता, तिचाच होता. पण काचेखालच्या फटीतून दिवसभर लोकांचे हात आत येत. "माणसं विसरले मी, हात नाही विसरले," असं ती म्हणते. "एक बाई यायची दर सोमवारी. नखं अशी, की पासबुकसुद्धा तिच्या हातात दागिन्यासारखं दिसायचं." हे सांगताना ती आपला हात नकळत तसा धरते, रिकामाच.

त्यामुळे निवृत्तीनंतर मुलीच्या लग्नात मावशी पार्लरमध्ये जाऊन जेल करून आली, तेव्हा कुणीच तिला हसलं नाही. आठशे सांगितले होते, तिने साडेसहाशेत तोडलं. पार्लरवाली ज्याला 'वाइन' म्हणत होती, त्या रंगाला मावशीने घरी येईपर्यंत 'आमसुली' करून टाकलं होतं. एकेक थर लावून निळ्या उजेडाच्या त्या पेटीत हात घालायचा, मिनिटभरात घट्ट. लग्नाच्या अल्बममध्ये एक गंमत आहे. बहुतेक फोटोंत मावशीचा हात कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर आहे. विहीणबाईंच्या, भटजींच्या, एका ठिकाणी तर केटररच्या.

सतराव्या दिवशी उजव्या अंगठ्याचा कोपरा सुटला.

जेल काढायची रीत साधी आहे. वरची चकाकी हलक्या हाताने घासायची, अॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वरून फॉइल गुंडाळायची, दहा-पंधरा मिनिटं गप्प बसायचं. रंग मऊ पडून आपोआप सुटतो. पार्लरवालीने ह्याचे अडीचशे सांगितले. "लावायला साडेसहाशे आणि खरवडायला अडीचशे?" मावशी म्हणाली, "लग्न लावण्यापेक्षा मोडणं महाग!" काकांच्या डब्याच्या पोळ्यांची फॉइल घरात होती. रिमूव्हरची बाटली कोपऱ्यावरच्या कटलरीच्या दुकानात मिळाली असती. नव्हती ती गप्प बसायची सवय. रात्री मालिका चालू असताना तिने सुटलेल्या कोपऱ्याखाली दुसरं नख घातलं आणि ओढलं.

"इतकं छान निघत होतं गं, थांबवेचना."

तिला रागावण्याचा अधिकार मला नाही. शाळेत हस्तकलेच्या तासाला तळहातावर फेविकॉल वाळवून त्याची साल अख्खी काढण्यासाठी मी चित्रं अर्धवट सोडलेली आहेत. पण हाताची साल आणि नखाचं जेल ह्यांत फरक असा, की जेल एकटं येत नाही. नखाची जाडी असते साधारण अर्धा मिलिमीटर, आणि त्यातलेच वरचे पापुद्रे ते सोबत घेऊन येतं. मालिका संपली तेव्हा मावशीची दहाही बोटं सोलून झाली होती. सकाळी पाहिलं तर नखांवर पांढरे चट्टे, कडा उलून आलेल्या, आणि चहाचा पेला धरला की चटका थेट नखातून आत. नख साडीला अडकायचं आणि साडीऐवजी नख फाटायचं. लसूण सोलायला बसली, तर पाकळी जागची हलली नाही, नख वाकलं.

त्याच आठवड्यात काकांना नायट्यासाठी त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मावशी सोबत गेली. काकांचं औषध लिहून झालं, काका पाकीट काढायला लागले, आणि तेवढ्यात मावशीने आपले दोन्ही हात डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. एका फीत दोन पेशंट. डॉक्टर भला माणूस. त्याने भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं, "आपल्याला दिसतं ते नख मेलेलंच असतं, केसासारखं. त्याला काही चोळून ते जिवंत होत नाही. नवं मुळातून येईल, महिन्याला साधारण तीन मिलिमीटर. तोवर आखूड ठेवा, पाण्यात कमी भिजवा, तेल लावत जा आणि थांबा. सहा महिने."

मावशीला हे अजिबात पटलं नाही. जिन्यात म्हणाली, "फुकट विचारलं ना, म्हणून फुकटातलं औषध दिलंन."

मला विचाराल तर सगळी अडचण इथेच आहे. थांबण्याला पैसे पडत नाहीत, म्हणजे त्यात घासाघीस नाही. आणि ज्यात घासाघीस नाही, ते मावशीला औषध वाटत नाही. शिवाय दर! "महिना तीन मिलिमीटर? हा काय व्याजदर झाला? आणि मुदतीआधी मोडायचीही सोय नाही."

तरी तिने खातं उघडलंच. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी दर महिन्याच्या एक तारखेला बारीक अक्षरात नोंद असते. अं, त, म, अ, क. पुढे आकडे. मोजमाप नातवाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने. नवं गुळगुळीत नख कुठे संपतं आणि जुनं खरबरीत कुठे सुरू होतं, तिथे आधी बॉलपेनने ठिपका द्यायचा. दोन महिन्यांत तिने शोध लावला की मधलं बोट सगळ्यांत पुढे, अंगठा आणि करंगळी मागे, आणि उजवा हात डाव्यापेक्षा किंचित वेगात. मी नंतर वाचलं, तर हे सगळं शास्त्रातही असंच आहे. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. "बत्तीस वर्षं ह्याच हाताने काम केलंय. त्याला बोनस नको?"

खातं आपोआप वाढत होतं, तरी तिला वरून भरणा करायचाच होता. आधी खोबरेल तेल, फोडणीच्या कढल्यात कोमट करून, रात्री. वर काकांचे जुने मोजे हातात घालून झोपायचं. काका म्हणाले, रात्री पाणी प्यायला उठलो तर शेजारी बॉक्सर झोपलेला. मग एरंडेल, कारण खोबरेल 'फार पटकन जिरतं'. मग ई जीवनसत्त्वाची हिरवी गोळी सेफ्टी पिनेने टोचून, एका गोळीत दहा नखं, उरलेलं कोपराला. इथवर ठीक होतं, तेलाने नखं सुकून तडकत नाहीत. मग कुणीतरी लिंबू सांगितलं. सोललेल्या कडेवर लिंबू लागलं तेव्हा मावशीने जो उच्चार केला, तो तिच्या तोंडून मी आजवर ऐकला नव्हता. मग लसूण. आठ दिवस नातू तिच्या हातून वरणभात खाईना.

नखं म्हणजे हाडंच, असं ठरवून तिने मधे नाचणीची पेजही सुरू केली. मी म्हटलं, मावशी, नखं केराटिनची असतात, गाईच्या खुरा-शिंगांत असतं तेच. कॅल्शियमचा त्यात फारसा वाटा नाही, आणि ते पांढरे चट्टे तू ओढलंस त्याच्या खुणा आहेत. ती शांतपणे म्हणाली, "गाय काय खाते, कॅल्शियमच ना?" पेज चालू राहिली. पेजेने कुणाचं वाईट होत नाही म्हणून मीही गप्प बसले.

बायोटिनचं मात्र वेगळं झालं. औषधाच्या दुकानात एकावर एक फुकट होतं. 'एकावर एक' ऐकून मावशीचा पाय निघत नाही. दहा मिलिग्रॅमची गोळी, रोज एक. दीड महिन्याने तिची नेहमीची थायरॉइडची तपासणी झाली आणि रिपोर्ट असा आला, की थायरॉइड बेसुमार वाढलेलं दिसावं. घरात हलकल्लोळ. काकांनी वजन काट्यावर तीनदा करायला लावलं. मुलीने जर्मनीहून व्हिडिओ कॉलवर डोळे तपासले. मावशीला छातीत धडधडायलाही लागलं, निदान तिच्या म्हणण्याप्रमाणे. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "केसांचं, नखांचं काही घेताय का?" बायोटिन जास्त मात्रेत पोटात असेल तर रक्ताच्या काही तपासण्या फसतात, थायरॉइडच्याही. गोळी बंद करून पुन्हा रक्त दिलं, सगळं जिथल्या तिथे. त्या दुसऱ्या तपासणीचे पैसे मावशीने नखांच्या खर्चात धरलेले नाहीत. ते तिने 'आजारपण' ह्या सदरात टाकले.

पण सगळं वेडगळच होतं असं म्हटलं तर अन्याय होईल. पाण्याचं तिने मनावर घेतलं. नख पाण्यात फुगतं, वाळल्यावर आक्रसतं आणि असं दिवसात दहादा झालं की पापुद्रे सुटतात. मावशी गुलाबी रबरी मोजे घालून भांडी घासायला लागली. उजवा मोजा नेहमी आधी फाटतो, म्हणून दुसऱ्या जोडातला उरलेला डावा मोजा उलटा करून ती उजव्या हातात चढवते. ही युक्ती तिने सोसायटीतल्या निदान सहा जणींना शिकवलेली आहे. वालाचं बिरडं मात्र तिच्या हातून सुटलं. भिजवून मोड आणलेले वाल सोलायचे ते काकांनी, टीव्हीपुढे परात घेऊन. आता काकांचा हात इतका बसलाय की डाळिंबी मोडत नाही. नखंही त्यांची बघण्यासारखी झालीत, पण हे घरात बोलायचं नाही.

आणि काडेपेटी. नखाची कड दुभंगली की लगेच सारखी करायची, एकाच दिशेने, पुढेमागे नाही. त्यासाठी काचेची पट्टी मिळते, दीडशेला. मावशी काडेपेटीच्या कडेवर घासते. पर्समध्ये कायम एक पेटी. नागपूरला भाचीच्या बारशाला विमानाने निघालो, तर सुरक्षा तपासणीत ती पेटी काढून घेतली. मावशी त्या जवानाला म्हणाली, "भाऊ, काड्या ठेवा, पेटी द्या." तो गोंधळला. तिने त्याला हात पालथे करून दाखवले. मागे रांग थांबलेली. त्याने खरोखर वाकून पाहिलं, पण पेटी दिली नाही.

सप्टेंबरात जर्मनीहून मुलीचा फोन आला. जेल उजेडात घट्ट व्हायला जी रसायनं घालतात, त्यातलं टीपीओ नावाचं एक युरोपात १ सप्टेंबर २०२५ पासून बंद झालं होतं. "आई, आता तरी पुन्हा करू नकोस."

"बंद तिकडे झालं ना? मग उरलेला माल इकडे येईल," मावशी म्हणाली. "स्वस्त होईल."

मला वाटलं, चेष्टा करते आहे.

दसऱ्याच्या सुमाराला नऊ नखं स्वच्छ झाली होती. राहिली डावी अनामिका. टोकाला जुन्या नखाची जेमतेम एक चंद्रकोर उरली होती, ती कापली की खातं बंद. पण तो दिवस निघाला शनिवार. शनिवारी नखं कापायची नाहीत. सहा महिने थांबलीस, म्हटलं, आता एक दिवस काय. तर म्हणाली, संध्याकाळ होऊ दे. मग तिलाच आठवलं की तिन्हीसांजेलाही कापत नाहीत. रात्री तिने पापडाचा डबा उघडला आणि चंद्रकोर झाकणाच्या कडेला अडकून आपसूक गेली. "मी नाही हं कापलं," असं तिने देवघराच्या दिशेने सांगितलं म्हणे.

रविवारी सकाळी बेल वाजली. एकदाच, पूर्ण. मावशीने चक्क बोटाच्या टोकाने दाबली होती. हात पुढे केले. नखं खरंच सुरेख आली होती, गुलाबी, एकसारखी, बँकेत होती तशी आखूड. मी चष्मा न लावताच तसं सांगितलं. ती खूश होऊन सोफ्यावर बसली आणि पर्समधून दोन वस्तू काढल्या. एक पुतण्याच्या लग्नाची पत्रिका, मार्गशीर्षातली. दुसरी काकांच्या मोज्यांची जोडी, बोटांची टोकं बाहेर येतील अशी दहा भोकं पाडलेली.

"त्या निळ्या उजेडाने कातडी काळवंडते म्हणतात. हे घालून हात पेटीत घालायचे," ती म्हणाली. "आणि काढताना फॉइल लावून काढणार, घरची. मी बोलून आलेय तिच्याशी. दोघी आलो तर प्रत्येकी साडेपाचशे. तुझे हात बघू?"